कार्यानुभव सहीपुरता नको



पावसाळा लागला की कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुलेमुली दरवर्षी आपल्या गावांत येतात. ग्रामपंचायतीत त्यांचा कार्यक्रम होतो, नारळ फुटतो, भिंतीवर तक्ते लागतात. बियाण्याला औषध कसे चोळावे, मातीचा नमुना कसा घ्यावा, याचे प्रात्यक्षिक होते आणि फोटो निघतो. पुढे काही आठवड्यांनी तीच मुले डायरी घेऊन दारी येतात आणि म्हणतात, "काका, इथं सही पाहिजे होती." आपण त्यांना चहा पाजतो आणि सही करून देतो. मुले चांगली असतात, आपल्याही मनात काही वाईट नसते. पण डायरीत लिहिलेले काम खरोखर किती झाले, हे मुलगा सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

त्या सहीविषयी दोन शब्द स्पष्ट लिहावेत म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या कामाचा उपयोग शेतकऱ्याला किंवा कारखान्याला होत नाही, त्या कामाचा अनुभव विद्यार्थ्यालाही मिळत नाही. त्याला खरे काम द्यायचे की नुसती सही, हे बरेचसे आपल्याच हातात आहे.

आधी हा कार्यक्रम काय आहे ते पाहू. आपला वर्धा जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हे विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचे, याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. २०१५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 'स्टुडंट रेडी' नावाची योजना आणली आणि हा कार्यानुभव तिचा भाग झाला. पाचव्या अधिष्ठाता समितीने ठरविलेल्या अभ्यासक्रमात त्यासाठी २० आठवडे धरलेले आहेत. त्यांपैकी ८ आठवडे गावात शेतकऱ्याबरोबर आणि ३ आठवडे एखाद्या कृषी उद्योगात काढायचे आहेत. साखर कारखाना हा कृषी उद्योगच आहे. म्हणजे गावातल्या आठ आठवड्यांसाठी विद्यार्थ्याला सभासदाचे शेत लागते आणि उद्योगातल्या तीन आठवड्यांसाठी कारखाना लागतो. दोन्ही आपल्याजवळ आहेत.

काम करता करता शिकावे, हा विचार वर्ध्याला नवा नाही. किंबहुना तो देशभर गेला तो इथूनच. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. हाताच्या कामातून शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण आणि मुलांच्या श्रमातून शाळेच्या खर्चाला हातभार, असा तो विचार होता. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम बसविला. सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला आणि नई तालीमचे काम सुरू झाले. त्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलाने काढलेले सूत खेळण्यातले नसावे, ते विकले जाईल असे असावे, असा गांधीजींचा आग्रह होता. सूत तुटले, गाठी पडल्या, तर गिऱ्हाईक घेणार नाही. तोच त्या मुलाचा परीक्षक.

पुढे बुनियादी शाळा अनेक राज्यांत सरकारी हुकुमाने निघाल्या. तेथे पुष्कळ ठिकाणी काय झाले? टकळी वेळापत्रकात राहिली, पण सुताची गरज कोणालाच नव्हती. साहेब तपासणीला आले की टकळ्या बाहेर निघायच्या. काम गेले आणि कामाची नोंद तेवढी उरली. सेवाग्रामच्या आवारात २००५ सालापासून आनंद निकेतन शाळा पुन्हा त्या वाटेने चालते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण टकळीची जी गत झाली तीच गत आज कार्यानुभवाच्या डायरीची होऊ लागली आहे, म्हणून हा दाखला दिला.

याच सेवाग्रामात दुसरे उदाहरण आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली. तेथे डॉक्टरकी शिकायला आलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी आश्रमात शिबिराला राहावे लागते. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्याकडे त्या गावातली काही घरे सोपविली जातात. त्या घरातल्या माणसांची प्रकृती, त्यांचे पाणी, त्यांचे खाणे, सगळे त्याने पाहायचे. शिवाय परीक्षा पास झाली तरी वर्षभर इस्पितळात उमेदवारी केल्याशिवाय डॉक्टरला कायमची नोंदणी मिळत नाही. माणसाच्या नाडीला हात लावणाऱ्याला एवढी उमेदवारी लागते. मग शेतकऱ्याच्या वर्षभराच्या पिकाबद्दल सल्ला देणाऱ्याला आठ आठवडेसुद्धा खरे काम का लागू नये?

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या पायावर. सातासमुद्रापलीकडेही हाच विचार निघाला. अमेरिकेत सिनसिनाटीच्या विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग केला. अर्धे विद्यार्थी एक आठवडा कारखान्यात कामावर, अर्धे वर्गात. दुसऱ्या आठवड्याला अदलाबदल. कारखान्यातली जागा त्यामुळे कधी रिकामी पडत नसे आणि कारखानदाराला पूर्ण वेळ काम मिळे. मुलगा कारखान्यात जे पाही, त्याचे कारण पुढच्या आठवड्यात वर्गात विचारी. गोष्ट साधी होती. कारखानदाराला त्या मुलांची गरज लागली, म्हणून ती टिकली.

आता आपल्या वावरात येऊ. कारखान्याला अशा विद्यार्थ्यांची गरज आहे काय? माझ्या मते आहे, आणि ती कशी ते आकड्यांनी सांगतो.

गाळपाचा सगळा कार्यक्रम ऊस नोंदीवर उभा असतो. किती एकर ऊस आहे हे नोंदीवरून कळते, पण एकरी किती टन पडेल हा अंदाजच असतो. तो अंदाज बहुतेक वेळा धुऱ्यावर उभे राहून केला जातो. खरी रीत अशी आहे : एका एकरात ४३,५६० चौरस फूट. सरी पाच फुटांची असेल तर एकरात सरीची एकूण लांबी ८,७१२ फूट भरते. शेतात पाच ठिकाणी दहा-दहा फूट सरी मोजावी, तोडणीलायक ऊस गणावेत आणि फुटाला सरासरी काढावी. फुटाला तीन ऊस भरले तर एकरी सुमारे २६,१०० ऊस. एका उसाचे वजन १.२ किलो धरले तर ३१ टन. फुटाला साडेचार ऊस भरले तर ३९,२०० ऊस आणि ४७ टन. फुटामागे दीड उसाचा फरक, पण एकरी १६ टनांचा. शंभर एकरांत हाच फरक १,६०० टनांवर जातो.

धुऱ्यावरून हा फरक दिसत नाही. अंदाज कमी धरला तर टोळ्या आणि वाहने अपुरी पडतात, ऊस एप्रिलपर्यंत उभा राहतो, आणि वर्ध्याच्या उन्हात उभ्या उसाचे वजन घटते. ते नुकसान सरळ सभासदाच्या खिशातून जाते. जास्त धरला तर टोळ्या बसून राहतात आणि उचल अडकते. हे मोजायला आमच्या शेतकी खात्याची माणसे सगळ्या प्लॉटवर पोहोचू शकत नाहीत. विद्यार्थी पोहोचू शकतात. गणित त्यांना येते, पाय तरुण आहेत, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ते गावातच असतात. हे झाले खरे काम. त्याचा आकडा बरोबर की चूक हे पुढे वजनकाटा सांगतो. सही मागायला जावे लागत नाही.

आणखीही कामे आहेत. हुमणीचा प्रादुर्भाव कोणत्या शिवारात आहे याची नोंद. कारखाना सुरू होण्याआधी ब्रिक्स मीटरने उसाचा बुडखा, मध्य आणि शेंडा तपासून कोणता प्लॉट आधी तोडणीला येईल त्याची यादी. भारी काळ्या जमिनीत को ८६०३२ आणि फुले २६५ शेजारी शेजारी असतील तर दोहोंचे फुटवे, जाडी, लोळणे यांचे टिपण. खोडव्यात पाचट ठेवलेले आणि पाचट जाळलेले अशा दोन शेतांत पाण्याच्या पाळ्या किती लागल्या, त्याचा हिशेब. असा हिशेब दोन-तीन वर्षे सलग राहिला तर कारखान्याजवळ आपल्याच भागाचे आकडे तयार होतील. पश्चिम महाराष्ट्रातल्या शिफारशी चांगल्या आहेत, पण आपली जमीन, आपले ऊन आणि आपले कालव्याचे पाणी वेगळे आहे.

विद्यार्थ्यांचा फायदा याहून मोठा आहे. पुस्तकात लिहिलेले असते की उसाला इतक्या दिवसांनी पाणी द्यावे. पण कालव्याची पाळी पुढे ढकलली गेली, किंवा थ्री फेज लाइन रात्रीची आली, तर शेतकरी काय करतो? रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वावरात जावे लागते, एकीकडे रानडुकरांची भीती, एकीकडे सापाची. पाणी एका सरीत जास्त जाते, एकीत कमी. त्या मुलाने एक रात्र तिथे काढली तर शिफारस आणि वहिवाट यांत अंतर का पडते, हे त्याला जन्मभर समजेल. उद्या तोच कृषी अधिकारी किंवा बँकेचा शेतकी अधिकारी होऊन आपल्यासमोर बसणार आहे. त्याने आपल्याला अडाणी समजावे की आपली अडचण समजावी, हे त्या आठ आठवड्यांवर ठरते.

माझ्यासारख्या शेतकी डिप्लोमावाल्याला पुस्तकाने ऊस शिकविला, पण टोळी कशी लावावी, तोडणीचा क्रम देताना गावात भांडण कसे होऊ द्यायचे नाही, हे मुकादमांनी आणि जुन्या सभासदांनी शिकविले. ते प्रकरण कोणत्याही पुस्तकात नव्हते.

या बाबतीत सभासदांची काही गाऱ्हाणी आहेत, ती खोटी नाहीत. एक म्हणतात, "सायेब, हे पोट्टे आमाले का शिकवतीन? एक दिवस वावरात येते त दुसऱ्या दिवशी दिसत नाई." खरे आहे. पण येणाऱ्याला आपण काम नेमून दिले नसेल तर तो दुसऱ्या दिवशी कशासाठी येईल? पाहुण्याला आपण खाट देतो, खुरपे देत नाही. विद्यार्थी पाहुणा म्हणून आला की पाहुण्यासारखाच जातो.

दुसरे गाऱ्हाणे उलट बाजूचे आहे. कार्यानुभवाच्या नावाखाली मुलांना फुकटात राबवून घेतले जाईल, अशी भीती पालकांना वाटते. हीसुद्धा खरी आहे. काही ठिकाणी प्रशिक्षणाला आलेल्या मुलांकडून झेरॉक्स काढून घेणे आणि चहा आणविणे एवढेच काम झाल्याचे आपण ऐकतो. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी. निंदणी, पोते उचलणे, खत टाकणे यांसाठी मजूर आहेत. विद्यार्थी आला म्हणून मजुराची एक दिवसाची मजुरी बुडता कामा नये. विद्यार्थ्याने ती कामे हाताने करून पाहावीत, पण मजुराच्या जागी त्याला उभे करू नये. ज्या कामात मोजणे, टिपणे आणि कारण शोधणे आहे, ते त्याचे काम.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही. आता या वर्गांत मुलीही पुष्कळ असतात. शेतकी ऑफिसात किंवा गट ऑफिसात मुलींसाठी स्वच्छतागृह नसेल, सायंकाळी बसस्टँडपर्यंत पोहोचविण्याची सोय नसेल, तर मुली डायरी घरी बसून लिहितील आणि दोष त्यांना देता येणार नाही. सभासदाच्या घरी दोन मुली आठ आठवडे राहिल्या तर त्या घरच्या मुलींनाही पुढे शिकण्याची हिंमत येईल, हा वेगळा लाभ.

वेळापत्रकाचीही एक अडचण आहे. विद्यार्थी येतात खरिपात आणि जातात दिवाळीच्या सुमारास. आपला बॉयलर पेटतो तेव्हा त्यांची निघण्याची वेळ असते. पूर्वहंगामी लागवड त्यांना अर्धी दिसते, सुरू लागवड दिसत नाही, आणि गाळप तर मुळीच नाही. उद्योगातले तीन आठवडे बंद कारखान्यात काढले तर मुलाला रंगवलेली यंत्रे दिसतील, रस दिसणार नाही. तेव्हा महाविद्यालयांनी हे तीन आठवडे शक्य तेथवर गव्हाणीत मोळी पडल्यानंतर ठेवावेत, अशी विनंती कारखान्याने लेखी करावी. एक आठवडा शेतकी खात्यात टोळी आणि तोडणी चिठ्ठीच्या कामावर, एक आठवडा वजनकाटा आणि गव्हाणीवर, एक आठवडा प्रयोगशाळेत. आपण ऑगस्टमध्ये अंदाज केलेल्या प्लॉटचा ऊस काट्यावर आला आणि आकडा जुळला किंवा चुकला, हे त्याने स्वतः पाहावे. असे शिक्षण वर्गात मिळत नाही.

आता आपल्या घरातल्या मुलांविषयी. सभासदाचा मुलगा आय.टी.आय. करतो, डिप्लोमा करतो, नाहीतर नागपूर-पुण्याला पदवी घेतो. परत आला की जेथे जातो तेथे पहिला प्रश्न, "अनुभव आहे काय?" अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे सगळे सांगतात, पण पाण्यात उतरू कोणी देत नाही. पोरगा दोन-चार वर्षे स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसतो आणि बापाच्या जिवाला घोर लागतो. सोयरिकीच्या वेळी तर हा घोर चव्हाट्यावर येतो.

यावर कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. २०१९ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. त्यांना विद्यावेतन द्यावे लागते आणि त्याचा काही भाग केंद्र सरकार सोसते. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्रयोगशाळा, संगणक, शेतकी खाते, या सर्व ठिकाणी कारखान्यात शिकण्यासारखे आहे. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. त्यात बारावी, आय.टी.आय. वा पदविका, आणि पदवी अशा तीन पायऱ्यांवर महिना ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्या मुलांनी रस्त्यावर येऊन विचारला. तेव्हा हेही आधीच सांगितलेले बरे : उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नाही. कारखान्यात सगळ्यांना कायम जागा नाहीत आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. पण खऱ्या कामाचा दाखला हातात असेल तर मुलगा दुसऱ्या कारखान्यात, ठिबकच्या कंपनीत, रोपवाटिकेत किंवा स्वतःच्या वावरात पाय रोवून उभा राहू शकतो. दाखला खोटा असेल तर पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

यासाठी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विचार व्हावा म्हणून माझ्या सूचना अशा आहेत :

१. प्रत्येक गटातून दहा सभासदांनी आपला प्लॉट कार्यानुभवासाठी नोंदवावा. एका विद्यार्थ्याकडे दोन प्लॉट पूर्ण मुदतीसाठी सोपवावेत. त्याच्या हवाली गाव देण्यापेक्षा वावर द्यावे.

२. प्रत्येक प्लॉटची वही दोन प्रतींत असावी. एक विद्यार्थ्याची, एक सभासदाच्या घरी राहणारी. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने तीच वही पुढे चालवावी.

३. आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या कामावरच सही करावी. झाले नसेल तर तसे प्रेमाने सांगावे आणि करवून घ्यावे.

४. गाळप सुरू झाल्यावर उद्योगातले तीन आठवडे कारखान्यात घेण्याबाबत महाविद्यालयांशी आणि सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राशी पत्रव्यवहार व्हावा.

५. शिकाऊ उमेदवारांच्या जागा किती, कोणत्या, अर्ज केव्हा, हे सूचना फलकावर आणि या पत्रिकेत छापावे. वशिला न चालता गुणानुक्रमे निवड व्हावी. संचालकाचा मुलगा, सभासदाचा मुलगा आणि कारखान्याच्या बदली कामगाराचा मुलगा, तिघांना एकच नियम.

यांतली तिसरी सूचना आपणांस थोडी जड जाईल हे मी जाणतो. दारी आलेल्या पोराला नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. सही दिली नाही तर त्याचे वर्ष बुडेल असे वाटते. पण बंधूंनो, आपल्या उसाचे वजन कोणी न तोलता पावतीवर लिहिले तर आपण काट्यावर किती गोंधळ करतो! एका क्विंटलचा फरक आपण सोडत नाही. मग त्या मुलाच्या शिक्षणाचे वजन न तोलता पावतीवर लिहायला आपण का तयार व्हावे? ती पावती घेऊन तो उद्या आपल्याच पोरांना शिकवायला, आपल्याच कर्जाचे कागद तपासायला येणार आहे.

सोयीसाठी ज्या सभासदांना आपला प्लॉट नोंदवायचा असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव, गट नंबर, जात, लागवडीची तारीख आणि पाण्याचे साधन लिहून द्यावे. पूर्वहंगामी आणि खोडवा दोन्ही चालतील. सभेत या विषयावर विरोधी मत मांडणाऱ्यांनीही अवश्य बोलावे. चर्चेशिवाय सहकार नाही.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी